सर्व्हरवर डेबियन टाकताना उत्तरे आधीच कशी लिहून ठेवावीत

नाशिकमधील एका पतसंस्थेचे मुख्य कार्यालय कॉलेज रोडवर आहे आणि पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, निफाड व येवला येथे तिच्या शाखा आहेत, असे समजू. प्रत्येक शाखेत डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा एकेक लहान सर्व्हर बसवायचा आहे. हे काम कीबोर्डसमोर बसून केले, तर इन्स्टॉलर, म्हणजे डेबियन बसवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक यंत्रावर तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि उत्तरे मात्र नकळत बदलत जातात. सिन्नरच्या यंत्रावर ‘व्हार’ची, म्हणजे लॉगसारख्या वाढत जाणाऱ्या नोंदींच्या फोल्डरची, जागा वेगळी काढली जाते, येवल्याच्या यंत्रावर ती राहून जाते; एकीकडे वेळेचा विभाग बरोबर असतो, दुसरीकडे घड्याळ साडेपाच तास मागे दाखवते. काही महिन्यांनी येवल्याचा सर्व्हर जागा संपून अडतो, तेव्हा तेथे नेमके काय निवडले होते हे कोणालाच आठवत नाही आणि तेथे जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो.

इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेल्या फाइलीला येथे उत्तर-फाइल म्हटले आहे. तिच्यामुळे वेळ वाचतो हे खरे, पण माझ्या दृष्टीने तिचे मोठे मोल दुसरे आहे. सर्व्हर कसा असावा याविषयीचे सगळे निर्णय एका ठिकाणी, वाचता येतील अशा रीतीने लिहिलेले राहतात, आणि ते घाईत नव्हे तर शांतपणे घेतलेले असतात. म्हणून पुढील पद्धतीत प्रत्येक उत्तर कोठे लिहावे याबरोबरच कोणते उत्तर मुद्दाम लिहू नये, याचाही विचार केला आहे. आज्ञांची आणि प्रश्नांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची आहेत.

फाइलीची रचना

डेबियनच्या इन्स्टॉलरचा प्रत्येक प्रश्न डेबकॉन्फ या यंत्रणेमार्फत विचारला जातो. प्रत्येक प्रश्नाला ठरलेले नाव असते, उत्तराचा ठरलेला प्रकार असतो आणि कमी, मध्यम, उच्च किंवा अत्यावश्यक अशी महत्त्वाची एक पातळी असते. उत्तर आधीच पुरवण्याच्या सोयीला प्रीसीड म्हणतात. प्रीसीडची फाइल साध्या मजकुराची असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत चार भाग येतात: प्रश्न कोणाचा आहे, प्रश्नाचे नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. इन्स्टॉलरच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी पहिला भाग ‘डी-आय’ असतो. एखाद्या पॅकेजचा, म्हणजे वेगळ्याने बसवता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याचा, प्रश्न असेल, तर तेथे त्या पॅकेजचे नाव येते. उदाहरणार्थ, ‘डी-आय टाइम/झोन स्ट्रिंग एशिया/कोलकाता’ ही एक पूर्ण ओळ झाली.

येथे एक नियम कसोशीने पाळावा लागतो. प्रकार आणि उत्तर यांच्यामध्ये एकच स्पेस किंवा एकच टॅब असला पाहिजे. जास्तीची स्पेस दिली, तर ती उत्तराचाच भाग समजली जाते आणि मग डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारी ओळ काम करत नाही. ओळी देखण्या दिसाव्यात म्हणून रकाने जुळवण्याची सवय असेल, तर ती या फाइलीपुरती सोडावी. यादीतून निवडायच्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा इंग्रजी मूळ रूपातच द्यावी लागतात, मग इन्स्टॉलरची भाषा कोणतीही असो.

कोऱ्या फाइलीपासून सुरुवात करू नये. डेबियनच्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेत प्रत्येक आवृत्तीसाठी नमुना प्रीसीड फाइल दिलेली असते. आपण जी आवृत्ती टाकणार आहोत तिचाच नमुना घ्यावा, कारण आवृत्तीगणिक काही प्रश्न बदलतात. त्यानंतर एक इन्स्टॉलेशन हाताने करावे आणि पडद्यावर येणारा प्रत्येक प्रश्न व त्याचे संस्थेने ठरवलेले उत्तर वहीत लिहून काढावे. हे पाऊल अनेकांना वेळखाऊ वाटते, पण वेळेचा विभाग, कीबोर्ड, पार्टिशन (डिस्कचे भाग), वापरकर्ता, पॅकेजे यांविषयीचे प्रश्न संगणक जाणणाऱ्या माणसाने आणि शाखेच्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाने एकत्र बसून सोडवण्याची हीच वेळ असते. हाताने टाकलेल्या यंत्रावरून डेबकॉन्फ-युटिल्स पॅकेजमधील ‘डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स’ ही आज्ञा ‘इन्स्टॉलर’ या पर्यायासह चालवून सर्व उत्तरे फाइलीत काढता येतात. मात्र त्यात त्या एकाच यंत्रापुरती आणि आधी भरू नयेत अशीही उत्तरे येतात, म्हणून ती यादी प्रश्नांची नावे शोधण्यासाठी वापरावी. जशीच्या तशी फाइल म्हणून वापरू नये.

फाइल तयार झाल्यावर ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ ही आज्ञा केवळ तपासणीच्या पर्यायासह चालवावी. ती ओळींची मांडणी तपासते. प्रश्नाच्या नावात एखादे अक्षर चुकले असेल, तर ते तिला कळत नाही. अशी ओळ निमूटपणे स्वीकारली जाते आणि इन्स्टॉलर आपला प्रश्न विचारायला थांबतोच.

कोणता प्रश्न कधी विचारला जातो

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ येथे जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. उत्तर-फाइल जर नेटवर्कवरून येणार असेल, तर ती हाती येण्याआधीच विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात असून उपयोग नसतो. भाषा, देश आणि कीबोर्ड हे प्रश्न एरवी अगदी सुरुवातीला येतात. नेटवर्क जोडणीचे प्रश्न त्यानंतर येतात आणि फाइल त्याहूनही नंतर मिळते. यासाठी बूटच्या ओळीत, म्हणजे इन्स्टॉलर सुरू करताना त्याला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत, ‘ऑटो=ट्रू’ लिहावे. त्यामुळे भाषेचे आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क जोडले जाऊन फाइल मिळेपर्यंत पुढे ढकलले जातात आणि त्यांची उत्तरे फाइलीतून घेता येतात. त्याच ओळीत ‘प्रायॉरिटी=क्रिटिकल’ लिहिले की अत्यावश्यक नसलेले प्रश्न दाखवलेच जात नाहीत आणि त्यांचे मूळ उत्तर धरले जाते. ‘यूआरएल=’ पुढे फाइलीचा पत्ता द्यावा.

नेटवर्कचे प्रश्न मात्र पुढे ढकलता येत नाहीत, कारण फाइल त्याच वाटेने येते. सर्व्हरला दोन किंवा चार नेटवर्क पोर्ट असतात, तेव्हा कोणता वापरायचा हा प्रश्न इन्स्टॉलरला पडतो; बूटच्या ओळीत ‘इंटरफेस=ऑटो’ लिहिल्यास ज्या पोर्टला केबल जोडलेली आहे तो निवडला जातो. म्हणून इन्स्टॉलेशनच्या वेळी एकाच पोर्टला केबल लावावी. काही नेटवर्क कार्डांना स्वतंत्र फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) लागते आणि ते नसेल तर पहिल्याच पायरीवर काम अडते. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलेशन प्रतिमांमध्ये असे फर्मवेअर समाविष्ट असते, त्यामुळे जुन्या काळी वेगळ्या पेनड्राइव्हवर ते घेऊन फिरावे लागे तसे आता सहसा लागत नाही. पुढे सांगितल्याप्रमाणे थेट नेटवर्कवरून बूट करायचे असेल, तर मात्र आपल्या कार्डाला फर्मवेअर लागते का, हे आधी एका यंत्रावर पाहून घ्यावे.

यंत्रागणिक बदलणारी गोष्ट उत्तर-फाइलीत लिहू नये, असा माझा आग्रह आहे. पाच शाखांसाठी पाच फाइली केल्या की थोड्याच काळात त्या एकमेकींपासून दूर जातात आणि मूळ हेतूच बारगळतो. शाखेनुसार बदलते ते मुख्यतः यंत्राचे नाव. ते डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, येऊ द्यावे. इन्स्टॉलर डीएचसीपीने दिलेल्या नावाला फाइलीतील साध्या ‘नेटसीएफजी/गेट_होस्टनेम’ या उत्तरापेक्षा अग्रक्रम देतो. त्यासाठी डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम वापरत असाल, तर प्रत्येक सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता आणि त्यापुढे शाखेचे नाव अशा पाच ओळी त्याच्या संरचनेत लिहिल्या की झाले. सर्व्हरच्या डब्यावर त्याच मॅक पत्त्याची आणि शाखेची चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे निफाडचे यंत्र चुकून सिन्नरला जात नाही.

डिस्क

उत्तर-फाइल डिस्क पुसू शकते, आणि पुसण्याआधी ती कोणालाही विचारत नाही. इतर कोणतेही उत्तर चुकले, तर पुन्हा इन्स्टॉलेशन करता येते. हे उत्तर चुकले, तर ठेवीदारांच्या नोंदी जाऊ शकतात. त्यामुळे सर्वाधिक काळजी येथे घ्यावी.

डिस्कचे नाव ‘पार्टमन-ऑटो/डिस्क’ या प्रश्नात देता येते, पण शक्य तेथे ते देऊच नये. यंत्रात एकच डिस्क असेल, तर नाव न देताही इन्स्टॉलर तीच घेतो; एकाहून जास्त असतील, तर तो थांबून विचारतो, आणि तेथे त्याने थांबावे हेच आपल्याला हवे असते. नाव लिहिण्यात आणखी एक धोका आहे. ‘एसडीए’ हे नाव डिस्कला नव्हे, तर ती कोणत्या क्रमाने सापडली त्याला मिळते. पेनड्राइव्ह लावलेला असताना तोच ‘एसडीए’ होऊ शकतो. एनव्हीएमई डिस्कचे नाव पूर्णपणे वेगळ्या पद्धतीचे असते आणि आभासी यंत्रात तेच ‘व्हीडीए’ होते. नाव ठरवणे भागच असेल, तर ‘पार्टमन/अर्ली_कमांड’ या उत्तरात शेलमध्ये (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणारी एक छोटी आज्ञा लिहून यंत्रावर हजर असलेल्या डिस्कांची यादी ‘लिस्ट-डिव्हायसेस डिस्क’ने घ्यावी, त्यांतील काढता येण्याजोग्या डिस्का वगळाव्यात आणि एकच उरली तरच तिचे नाव भरावे.

पार्टिशनची पद्धत एलव्हीएम, म्हणजे विभागांचे आकार पुढे बदलू देणारी, ठेवावी. ‘पार्टमन-ऑटो/चूझ_रेसिपी’ला ‘मल्टी’ हे उत्तर दिले की होम, व्हार आणि टेम्प यांच्यासाठी वेगळी जागा काढली जाते, त्यामुळे लॉग वाढून व्हार भरला तरी मूळ विभाग भरत नाही. मात्र इन्स्टॉलरने काढलेले आकार आपल्या कामाला पुरतीलच असे नाही. म्हणून ‘पार्टमन-ऑटो-एलव्हीएम/गायडेड_साइझ’मध्ये सगळी जागा वापरण्याचे ‘मॅक्स’ हे उत्तर न देता ऐंशी टक्क्यांसारखे उत्तर द्यावे. उरलेली जागा मोकळी राहते आणि पुढे येवल्याच्या व्हारला जागा कमी पडली, तर ती कार्यालयातूनच वाढवता येते.

कोऱ्या डिस्कवर उत्तम चालणारी फाइल वापरलेल्या डिस्कवर अडते, कारण जुने एलव्हीएम किंवा जुने रेड (अनेक डिस्का एकत्र जोडण्याची रचना) काढायचे का, हे प्रश्न तेथे नव्याने येतात. त्यांची उत्तरे ‘पार्टमन-एलव्हीएम/डिव्हाइस_रिमूव्ह_एलव्हीएम’ आणि ‘पार्टमन-एमडी/डिव्हाइस_रिमूव्ह_एमडी’ या नावांनी देता येतात. नव्या यंत्रांसाठी फाइल करत असाल, तर ही उत्तरे मुद्दाम लिहू नयेत. जुनी रचना असलेली डिस्क समोर आल्यावर इन्स्टॉलर थांबणे ही आपली सुरक्षा आहे. त्याच न्यायाने ‘पार्टमन/कन्फर्म’ आणि ‘पार्टमन/कन्फर्म_नोओव्हरराइट’ या शेवटच्या होकाराच्या ओळी चाचणी पूर्ण होईपर्यंत फाइलीत घालू नयेत. त्या नसताना इन्स्टॉलर नियोजित पार्टिशन दाखवून होकारासाठी थांबतो आणि आपल्याला ते निवांत पाहता येते.

वापरकर्ता आणि पासवर्ड

रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, थेट प्रवेश बंद ठेवावा. ‘पासडब्ल्यूडी/रूट-लॉगिन’ला ‘फॉल्स’ दिले की पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याचा, अधिकार मिळतो. पासवर्ड उघड लिहू नये. व्हूइज पॅकेजमधील ‘एमकेपासडब्ल्यूडी’ आज्ञेने त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही असे रूप) काढून ‘पासडब्ल्यूडी/युजर-पासवर्ड-क्रिप्टेड’ या प्रश्नाला द्यावा. तरीही उत्तर-फाइल साध्या एचटीटीपीवरून, कोणतीही ओळख न विचारता दिली जाते, आणि हॅश हाती पडला तर कमकुवत पासवर्ड शोधून काढता येतो, हे विसरू नये. म्हणून हा पासवर्ड केवळ तात्पुरता मानावा आणि शेवटच्या टप्प्यात ‘चेज’ आज्ञेने त्याच्या शेवटच्या बदलाचा दिवस शून्य ठरवावा, म्हणजे पहिल्या प्रवेशालाच नवा पासवर्ड द्यावा लागतो.

शेवटचा टप्पा

इन्स्टॉलेशन संपत असताना, यंत्र पुन्हा सुरू होण्यापूर्वी, ‘प्रीसीड/लेट_कमांड’मधील आज्ञा चालते. त्या वेळी नवी प्रणाली ‘टार्गेट’ या फोल्डरखाली असते आणि ‘इन-टार्गेट’ हा शब्द आधी लिहिला की आज्ञा नव्या प्रणालीच्या आत चालते. दुरून प्रवेशासाठी लागणाऱ्या एसएसएचच्या सार्वजनिक किल्ल्या ठेवणे, फायरवॉलचे नियम लावणे, पासवर्डची मुदत ठरवणे ही कामे येथे करावीत. उत्तरातच लांबलचक आज्ञा भरण्याऐवजी एक स्वतंत्र स्क्रिप्ट फाइलीशेजारी ठेवावी आणि येथे ती फक्त उतरवून चालवावी. स्क्रिप्टमध्ये आज्ञा नुसत्या अर्धविरामाने जोडल्या, तर शेवटची यशस्वी झाली की सगळेच यशस्वी झाले असे इन्स्टॉलर समजतो. त्यामुळे मधली एखादी आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबेल आणि इन्स्टॉलर त्रुटी दाखवेल, अशी ती लिहावी.

पॅकेजे इंटरनेटवरून उतरवायची असतील, तर मुख्य कार्यालयातील एका यंत्रावर एप्ट-कॅशर-एनजी हा पॅकेजे साठवून ठेवणारा प्रोग्रॅम चालवणे सोयीचे ठरते. तो ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. ‘मिरर/एचटीटीपी/प्रॉक्सी’ या प्रश्नात त्याचा पत्ता दिला की पहिल्या यंत्राने उतरवलेली पॅकेजे पुढच्या यंत्रांना तेथूनच मिळतात. पण इन्स्टॉलर हा पत्ता नव्या प्रणालीच्या एप्ट (पॅकेजे उतरवणारी आज्ञा) संरचनेतही लिहून ठेवतो. यंत्र येवल्याला पोहोचल्यावर तो पत्ता तेथे नसतो, आणि सुरक्षाविषयक सुधारणा उतरणे तेव्हापासूनच बंद पडते. शेवटच्या टप्प्याच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ काढून टाकणे म्हणूनच आवश्यक आहे.

नेटवर्कवरून बूट

दोन-तीन यंत्रांसाठी पेनड्राइव्ह पुरतो. जास्त असतील किंवा काम वारंवार करायचे असेल, तर पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची सोय, बरी पडते. डीएनएसमास्क हा एकच प्रोग्रॅम डीएचसीपी आणि टीएफटीपी (बूट फाइली पुरवणे) ही दोन्ही कामे करतो, आणि डेबियनच्या नेटबूट संग्रहात यंत्र सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीसाठी व नव्या यूईएफआय पद्धतीसाठी लागणाऱ्या दोन्ही बूट फाइली असतात. ही व्यवस्था कार्यालयाच्या चालू नेटवर्कवर लावू नये. एक वेगळा स्विच, एक लॅपटॉप आणि नवे सर्व्हर एवढेच त्या नेटवर्कवर असावेत. एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर झाले की काउंटरवरचे संगणक अडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादा जुना संगणक नेटवर्कवरून बूट होऊन स्वतःची डिस्क पुसू लागण्याची शक्यता निर्माण होते.

बूटचा क्रम डिस्क आधी आणि नेटवर्क नंतर असा ठेवावा. कोऱ्या डिस्कवर काहीच नसल्याने यंत्र आपोआप नेटवर्ककडे वळते, आणि इन्स्टॉलेशन झाल्यावर डिस्कवरून सुरू होते. क्रम उलटा असेल, तर यंत्र पुन्हा सुरू होताच इन्स्टॉलर नव्याने चालू होतो, डिस्क पुन्हा पुसतो आणि हे चक्र कोणी केबल काढेपर्यंत थांबत नाही. पीएक्सईच्या मेन्यूमध्ये मूळ निवड स्थानिक डिस्कची ठेवणे हा आणखी एक चांगला उपाय आहे.

सातपूर-अंबड भागात किंवा शहरात वळवाच्या पावसाच्या दिवसांत हे काम करणार असाल, तर सर्व्हरबरोबर लॅपटॉप आणि स्विचही यूपीएसवर घ्यावेत. मध्येच वीज गेली, तरी नव्या यंत्राचे फारसे बिघडत नाही. इन्स्टॉलेशन पुन्हा चालवता येते. मात्र पार्टिशन अर्धवट लिहिले गेले असल्यास वर सांगितलेला जुन्या रचनेचा प्रश्न समोर येतो आणि त्याला हाताने उत्तर द्यावे लागते.

चाचणी आणि अडचणींचा शोध

पहिली चाचणी आभासी यंत्रावर करावी आणि ते प्रत्यक्ष सर्व्हरप्रमाणेच, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय यांपैकी ज्या पद्धतीने सर्व्हर बूट होणार आहे त्याच पद्धतीने बूट करावे. इन्स्टॉलर एखाद्या प्रश्नावर थांबला, तर उत्तर भरून पुढे जाऊ नये. ऑल्ट आणि एफ४ दाबून चौथ्या पडद्यावरील लॉग पाहावा, ऑल्ट आणि एफ२ दाबून शेल उघडावे, आणि कोणता प्रश्न विचारला गेला ते शोधून त्याची ओळ फाइलीत घालावी किंवा विचारपूर्वक वगळावी. बूटच्या ओळीत ‘डेबकॉन्फ_डीबग=५’ लिहिले की विचारल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नाची नोंद लॉगमध्ये येते. बसवून झालेल्या यंत्रावर हेच लॉग ‘व्हार’मधील ‘लॉग/इन्स्टॉलर’ या फोल्डरमध्ये राहतात. पॅकेजांच्या यादीची सही अजून वैध झालेली नाही असा विचित्र संदेश आला, तर यंत्राचे घड्याळ पाहावे; मदरबोर्डावरील बॅटरी संपलेली असली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते.

रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा या लिनक्स प्रणाली वापरत असाल, तर तेथे हेच काम किकस्टार्ट फाइल करते. हाताने केलेल्या प्रत्येक इन्स्टॉलेशननंतर रूटच्या फोल्डरमध्ये ती आपोआप लिहिली जाते आणि ‘केएसव्हॅलिडेटर’ने तपासता येते. उबुंटू सर्व्हरने २०.०४ या आवृत्तीपासून यॅमल या साध्या मजकुराच्या मांडणीत लिहिलेली ऑटोइन्स्टॉल पद्धत आणली. बूटच्या ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल, तर ती डिस्क बदलण्याआधी होकार मागते, ही तिच्यातील सावधगिरी मला फार योग्य वाटते.

सर्व्हर उभा राहिल्यावरचे प्रश्न

डेबियन टाकून झाला म्हणून प्रश्न संपत नाहीत. पोस्टफिक्ससारखी (ईमेल पाठवणारी) पॅकेजे स्वतःचे प्रश्न विचारतात, आणि तेथेही हीच यंत्रणा कामी येते. एका चाचणी यंत्रावर पॅकेज टाकून ‘डेबकॉन्फ-शो’ने त्याचे प्रश्न पाहावेत, उत्तरांच्या ओळी त्याच चार भागांच्या पद्धतीने लिहाव्यात आणि पॅकेज टाकण्याच्या आधी ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ला द्याव्यात. पॅकेज टाकताना ‘डेबियन_फ्रंटएंड’ हा पर्यावरण चल (आज्ञेला सोबत दिली जाणारी नावाची किंमत) ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ ठेवावा. सुडो सहसा बाहेरचे चल आत नेत नाही, म्हणून तो सुडोच्या नंतर, त्याच ओळीत लिहावा.

सुधारणा उतरवताना मात्र एक प्रश्न या सगळ्यातून निसटतो. आपण बदललेल्या संरचना फाइलीची नवी आवृत्ती पॅकेजबरोबर आली, तर जुनी ठेवायची की नवी घ्यायची, हे डेबकॉन्फ नव्हे तर पॅकेजे बसवणारे डीपीकेजी स्वतः विचारते, आणि वरचा चल लावूनही ते थांबते. त्यासाठी एप्टमार्फत त्याला ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हे दोन पर्याय द्यावे लागतात. त्यामुळे आपली फाइल जागेवर राहते आणि नवी फाइल ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटासह तिच्या शेजारी ठेवली जाते. सुधारणांनंतर प्रत्येक शाखेच्या सर्व्हरवर अशा फाइली शोधाव्यात, आपल्या फाइलीशी त्यांची तुलना करावी, आणि जो बदल स्वीकारायचा ठरेल तो मुख्य कार्यालयातील स्क्रिप्टमध्येही त्याच दिवशी करावा.